माळव्याच्या थंडीत अंगणातले पाम : कोणते लावावेत, कसे जगवावेत

धार आणि देवास परिसरातील आपल्या घरांच्या अंगणात तुळस, जास्वंद, पारिजातक आणि कढीपत्ता बहुधा असतोच. त्यांच्या जोडीला दारात एखादा माड किंवा पोफळ असावी, ही हौसही अनेक घरांत असते. कोकणात किंवा गोव्यात जाऊन आलेली मंडळी मोड आलेला नारळ घेऊन येतात. पावसाळ्यात तो जोमाने वाढतो, आणि मग एखाद्या पौषातल्या रात्रीनंतर त्याचा शेंडा काळा पडतो. नर्सरीतून आणलेल्या अरेका पामची कथाही फारशी वेगळी नसते. जानेवारीत पाने करपतात आणि मे महिन्यात उरलेलीही वाळतात.

यात दोष लावणाऱ्याच्या हाताचा नसतो, झाडाच्या निवडीचा असतो. थंडी सोसणारे, आकाराने लहान राहणारे आणि माळव्याचा उन्हाळाही काढणारे पाम आहेत. त्यांची माहिती, लागवडीची पद्धत आणि थंडीतली निगा या लेखात एकत्र दिली आहे. अनेक सभासदांची मुले परदेशात थंड प्रदेशांत स्थायिक आहेत. त्यांना उपयोगी पडेल असा एक भाग शेवटी आहे.

माळव्याची हवा आणि पाम

माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण ५०० ते ६०० मीटर उंच आहे. धार आणि देवास दोन्ही शहरे सुमारे ५५० मीटरच्या आसपास आहेत, मांडू त्याहून थोडे उंच. समुद्र दूर असल्याने हवेत दमटपणा कमी आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फरक मोठा. हिवाळ्यात दुपारी २५ अंश सेल्सिअस असले तरी पहाटे पारा ८-१० अंशांवर येतो. काही रात्री तो ४-५ अंशांपर्यंत, क्वचित त्याखालीही उतरतो. उलट मे महिन्यात ४२ ते ४४ अंशांची लू वाहते.

पंडित कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात देवासला राहायला आले ते इथल्या कोरड्या हवेसाठी. माणसाच्या फुप्फुसांना मानवलेली हीच हवा समुद्रकाठच्या झाडाला मानवत नाही. त्यामुळे इथे लावायच्या पामकडून दोन गोष्टींची अपेक्षा करावी लागते : पौषातली थंडी सोसणे आणि वैशाखातली कोरडी लू सोसणे. फक्त एकच गोष्ट जमणारी झाडे इथे फार टिकत नाहीत.

मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी मात्र ‘पाला पडला’ म्हणजे दव गोठून पिकावर हिमकण साचले. हरभरा आणि बटाटा एका रात्रीत काळा पडतो तो याच पाल्याने. आकाश निरभ्र, वारा बंद आणि हवा कोरडी असली की जमिनीची आणि पानांची उष्णता रात्रभर आकाशाकडे निघून जाते. हवामान केंद्रातले तापमान जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पेटीच्या आडोशाला मोजले जाते. उघड्यावरच्या पानाचे तापमान अशा रात्री त्याहून ३-४ अंश कमी असू शकते. म्हणून वर्तमानपत्रात ४ अंशांची बातमी असते आणि अंगणातल्या पानावर बर्फाची साय दिसते.

थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. एकाच गावात टेकडीच्या उतारावरच्या घरातले झाड सुखरूप राहते आणि पायथ्याच्या सखल प्लॉटमधले करपते, त्याचे कारण हेच. धारमधल्या तलावांच्या काठी किंवा दाट वस्तीच्या वाड्यांत थंडीची धार थोडी कमी असते. पाम लावण्यापूर्वी आपल्या अंगणातला सर्वांत गार कोपरा कोणता, हे एका हिवाळ्यात पाहून ठेवावे.

एकच शेंडा : पामची रचना

आंबा किंवा लिंबाची फांदी मेली तर दुसरी फुटते. पामचे तसे नाही. नारळ, शिंदी, ताड अशा एकखोडी झाडांना वाढीचा कोंब एकच असतो, तो शेंड्याच्या गाभ्यात. तो मेला की झाड संपले. झुडपासारखे अनेक खोडे फुटणारे पाम एक खोड गेले तरी मुळातून पुन्हा येतात. थंडीच्या प्रदेशात झुपकेदार पामना पसंती मिळते ती या कारणाने.

पामच्या खोडाला सालीखाली वाढणारा थर नसतो. खोडाला झालेली जखम भरून येत नाही, म्हणून खोडात खिळे मारणे, तारेने आवळणे किंवा त्यावर दिव्यांच्या माळा ठोकणे टाळावे. करपलेले पानही पुन्हा हिरवे होत नाही. झाड सावरले की नाही हे ओळखायचे असते ते गाभ्यातून येणाऱ्या नव्या सुईसारख्या पानावरून.

नारळ आणि सुपारी इथे का रमत नाहीत

नारळाला वर्षभर सरासरी २७ अंशांच्या आसपास उबदार आणि दमट हवा लागते. तापमान २० अंशांखाली गेले की त्याची वाढ मंदावते. दीर्घकाळ १० अंशांच्या आसपासच्या रात्री त्याला बाधतात आणि पाल्याने कोवळा शेंडा मरतो. चांगल्या आडोशाला एखादे झाड वाढते, पण फुलोरा गळणे आणि फळ न धरणे ही तक्रार राहतेच. पोफळीला तर सावली, ओलावा आणि दमट हवा तिन्ही हवे असते. ती उघड्या अंगणात लू लागताच करपते.

पाण्याचाही विचार करावा लागतो. मोठ्या नारळाला उन्हाळ्यात रोज ४०-५० लिटर पाणी लागते. देवास शहराला १९९० च्या सुमारास रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल. पुढे २००६ पासून जिल्ह्यात शेततळ्यांची मोठी मोहीम झाली आणि चित्र बदलले, तरी शहरातल्या घराला उन्हाळ्यात एका झाडासाठी रोज एवढे पाणी पुरवणे सोपे नाही. पूजेचा नारळ बाजारातून आणावा आणि दारात माळव्याला साजेसा पाम लावावा, हा व्यवहार्य मार्ग.

इथली आपली शिंदी

माळव्याला स्वतःचा पाम आहे. मराठीत शिंदी, हिंदीत छिंद किंवा देशी खजूर. शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. ओढ्याच्या काठी, शेताच्या बांधावर, पडीक जमिनीत ती आपोआप उगवते. छिंदवाडा या नावाचा उगम छिंदाच्या झाडांत सांगतात. खजुरी, खजुरिया अशी नावे असलेली गावेही माळव्यात अनेक आहेत. पश्चिमेकडे झाबुआ-अलीराजपूरच्या बाजूला जो ताडीचा ताड दिसतो तो वेगळा. त्याचे पान पंख्यासारखे असते, शिंदीचे पिसासारखे.

महाराष्ट्रातून आलेल्या घरांना शिंदी परकी नाही. लक्ष्मीपूजनाला जी केरसुणी पुजली जाते ती परंपरेने शिंदीच्या पानांची. महाराष्ट्रात नीरा निघते तीही शिंदीपासून, आणि बंगालातला हिवाळी खजूरगूळ याच झाडाच्या रसाचा. सुगरण पक्षी आपले खोपे शिंदीच्या लोंबत्या पानांना बांधतो, कारण बुंध्याकडचे काटे आणि उंची यांमुळे तिथे सापाला आणि मांजराला जाणे अवघड.

शिंदी उणे ४-५ अंशांची थंडी, ४४ अंशांचे ऊन, काळी माती आणि वर्षातले काही दिवस साचलेले पाणी हे सारे सोसते. तिच्या तीन गोष्टी मात्र लावण्यापूर्वी जाणून घ्याव्यात. पहिली, ती लहान राहत नाही. वाढ सावकाश असली तरी कालांतराने १० मीटर किंवा त्याहून उंच जाते. दुसरी, पानाच्या देठाकडच्या पर्णिका टोकदार काटे बनतात, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ती दूर हवी. तिसरी, नर आणि मादी झाडे वेगळी असतात. फळ हवे तर जवळपास दोन्ही असावी लागतात.

नर्सरीत शिंदी क्वचित मिळते. मे-जूनमध्ये पिकलेली फळे गोळा करून गर काढावा, बिया दोन दिवस पाण्यात भिजवाव्यात आणि खोल पिशवीत बोटभर खोल पेराव्यात. उबदार हवेत दोन-तीन महिन्यांत कोंब येतो. पहिली पाने गवतासारखी साधी असतात, ती तण समजून उपटली जाण्याचा संभव असतो. बांधावरच्या जुन्या शिंदी रस्त्यांच्या आणि वसाहतींच्या कामात तोडल्या जात आहेत. मोठे प्लॉट, शाळा, मंगल कार्यालयाचे आवार अशा ठिकाणी तिची रोपे लावली तर या भागाचे एक जुने झाड टिकेल.

डोंगरउतारांवर शिंदीची एक बुटकी बहीणही असते, फिनिक्स लौरेइरी. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या डोंगरांपर्यंत ती आढळते, वणवा लागून गेला तरी पुन्हा फुटते. लहान अंगणाला ती शोभते, पण जंगलातून रोप उपटून आणू नये. ते कायद्यातही बसत नाही आणि उपटलेले रोप सहसा जगतही नाही. बी मिळाले तरच लावावी.

लहान अंगणासाठी निवड

खाली दिलेले थंडीचे आकडे मुळावलेल्या, निरोगी झाडासाठी आणि अंदाजे आहेत. कोवळे रोप त्याहून २-३ अंश आधीच दुखावते.

रॅपिस (रॅपिस एक्सेल्सा) : बांबूसारखे बारीक, झुपक्याने वाढणारे खोड, हाताच्या पंजासारखे पान. उंची २ ते ३ मीटर. उणे ४-५ अंशांपर्यंत सोसते. थेट दुपारचे ऊन लागले की पाने पिवळी पडतात, म्हणून उत्तरेकडची पडवी, जिन्याची बाजू, आंब्याखालची सावली ही त्याची जागा. धार-देवासच्या घरांसाठी सर्वांत भरवशाचा लहान पाम हाच.

बुटका खजूर (फिनिक्स रोबेलेनी) : मूळचा मेकाँग नदीच्या खोऱ्यातला. उंची २ ते ३ मीटर, पाने मऊ आणि कमानदार. देठाकडे काटे असतात. उणे २ अंशांपर्यंत निभावतो. सकाळचे ऊन आणि दुपारची तिरपी सावली दिली तर उत्तम. एकखोडी असल्याने पाल्याच्या रात्री शेंडा झाकावा.

भूमध्य पंखा पाम (चामेरॉप्स ह्युमिलिस) : स्पेन, इटली, मोरोक्को, अल्जीरिया या भागांतला. झुपकेदार, सावकाश वाढणारा, बहुधा २-३ मीटरवर थांबणारा. उणे ८ ते १० अंश थंडी आणि कडक ऊन दोन्ही सोसतो, त्यामुळे गुणांनी माळव्याला जुळतो. त्याचे वावडे एकच : पावसाळ्यात मुळाशी साचलेले पाणी. उंचवट्यावर लावावा. इटलीतल्या पादुआ येथील वनस्पती उद्यानात १५८५ मध्ये लावलेला याच जातीचा पाम आजही आहे. जर्मन कवी ग्योथे यांनी तो १७८६ मध्ये पाहिला आणि वनस्पतींच्या रूपांतरावरील आपल्या लेखनात त्याचा आधार घेतला.

चिनी छत्री पाम (लिव्हिस्टोना चायनेन्सिस) : पंख्यासारखे मोठे पान, टोके कारंज्यासारखी लोंबणारी. उणे ४ अंशांपर्यंत सोसतो. तरुणपणी अनेक वर्षे बुटका दिसतो, पण अखेर मोठा होतो. मध्यम अंगणासाठी ठीक.

पार्लर पाम (चामेडोरिया एलेगन्स) : मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलातला, एक-दीड मीटरचा. पूर्ण सावलीचा. उघड्यावर पाला सोसत नाही, पण पडवीतल्या कुंडीत छान राहतो.

चुसान पाम (ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी) : थंडीत सर्वांत प्रसिद्ध. उणे १२ अंश किंवा त्याहून कमी तापमानही सोसतो. मात्र माळव्याची लू त्याला थंडीपेक्षा अधिक त्रास देते. हौस असेल तर पूर्वेकडे, दुपारी सावली मिळेल अशा जागी लावावा. त्याचा खरा उपयोग डोंगरी आणि थंड प्रदेशांत.

अरेका पाम (डिप्सिस ल्युटेसेन्स) : मादागास्करचा. ३-४ अंशांतच पाने डागाळतात. तो कुंडीत ठेवावा आणि मार्गशीर्षापासून माघापर्यंत ओसरीत आत घ्यावा.

नावाने पाम, जातीने नाही

नर्सरीत ‘सागो पाम’ म्हणून मिळणारे सायकस हा पाम नव्हे. ती पाइनसारख्या अनावृतबीजी वनस्पतींची दूरची नातलग. थंडी आणि ऊन दोन्ही उत्तम सोसते, म्हणून लावायला हरकत नाही. पण तिच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, विष असते. घरात कुत्रा किंवा लहान मूल असेल तर जपावे. ‘ट्रॅव्हलर्स पाम’ हा केळीच्या नात्यातला आणि थंडीला नाजूक. ‘पोनीटेल पाम’ हाही पाम नाही. तो पाणी साठवणारा आणि कोरड्या हवेत टिकणारा आहे.

खड्डा, माती आणि लागवड

पाम उबदार जमिनीतच मुळे धरतो. लागवडीची योग्य वेळ ज्येष्ठाचा शेवट ते आषाढ, म्हणजे पहिले दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर. दिवाळीनंतर लावलेले रोप मुळावण्याआधीच थंडीत सापडते. ज्यांना हिवाळ्यात रोप भेट मिळते, त्यांनी ते फाल्गुनापर्यंत कुंडीतच ठेवावे.

माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. फुगलेल्या मातीत हवा राहत नाही आणि मुळे कुजतात. भेगा पडताना बारीक मुळे तुटतात. म्हणून तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. तळाशी वीतभर मुरूम आणि विटांचे तुकडे टाकावेत. वर अर्धी काळी माती आणि उरलेल्या अर्ध्यात रेती, पिवळी माती व पूर्ण कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात मिसळून भरावे. भरलेला खड्डा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच असू द्यावा, म्हणजे पाणी बुंध्याशी थांबत नाही.

रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच खोल लावावे. बुंधा मातीत पुरला तर कुजतो, उघडा राहिला तर नवी मुळे हवेत वाळतात. पिशवी काढताना मातीचा गोळा फोडू नये. पहिल्या दोन उन्हाळ्यांत नैऋत्येकडून तट्ट्याची किंवा हिरव्या जाळीची सावली द्यावी.

जागा निवडताना दक्षिण किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली विटांची भिंत थंडीत मोठा आधार देते. दिवसभर तापलेली भिंत रात्रभर ऊब सोडते. झाड भिंतीपासून चार-पाच फुटांवर असावे. मात्र तीच भिंत उन्हाळ्यात भट्टी होते. म्हणून रॅपिससारख्या सावलीच्या झाडांना पूर्वेची बाजू आणि चामेरॉप्स, शिंदी यांना पश्चिमेची, अशी वाटणी करावी.

खत आणि बोअरचे पाणी

काळी माती आणि बोअरचे चुनखडीयुक्त पाणी दोन्ही अल्कधर्मी. त्यामुळे जमिनीत लोह आणि मँगेनीज असूनही झाडाला मिळत नाही. नवे पान फिकट पिवळे आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. नवे पान आखूड, चुरगळलेले आणि भाजल्यासारखे, ही मँगेनीजची. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके आणि सुकलेली टोके, ही पोटॅशची. उपाय म्हणजे वर्षातून दोनदा, आषाढात आणि फाल्गुनात, शेणखत किंवा गांडूळखत आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण. पावसाचे साठवलेले पाणी कुंड्यांना द्यावे. आश्विनानंतर नत्राचे खत देऊ नये. त्याने कोवळी फूट येते आणि तीच थंडीत पहिली मरते. पोटॅश मात्र थंडीपूर्वी दिल्याने झाड काटक होते.

हिरवी पाने कापून झाडाला ‘नीट’ करण्याची सवय सोडावी. जुन्या पानांतून झाड पोटॅश नव्या पानांकडे नेत असते. पूर्ण वाळलेलेच पान काढावे, तेही थंडी संपल्यावर.

पाल्याच्या रात्री काय करावे

निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि सायंकाळीच जाणवणारा कोरडा गारठा, ही पाल्याची लक्षणे. अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात.

दुपारी जमिनीला हलके पाणी द्यावे. ओली माती दिवसाची उष्णता अधिक धरते आणि रात्री सावकाश सोडते. पाणी बुंध्याभोवती द्यावे, शेंड्यात ओतू नये.

बुंध्याभोवती वाळलेला पाचोळा किंवा गव्हाचा भुसा वीतभर जाड पसरावा, पण खोडाला चिकटू देऊ नये.

एकखोडी लहान पामची पाने सुतळीने सैल एकत्र बांधावीत आणि वरून गोणपाट, इथे ज्याला टाट म्हणतात ते, किंवा जुनी सुती चादर पांघरावी. बाहेरच्या बाजूला तीन काठ्या रोवून त्यावर कापड टाकले तर पानांना ते टेकत नाही. प्लास्टिक थेट पानांवर घालू नये. त्याखाली दव साचते आणि प्लास्टिक टेकलेले पान हमखास जळते. सकाळी ऊन आले की पांघरूण काढावे.

कुंड्या भिंतीलगत एकत्र ठेवाव्यात. कुंडीतली मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गारठतात. सिमेंटच्या फरशीऐवजी लाकडी फळी किंवा पोत्यावर त्या ठेवल्या तर फरक पडतो.

शेतकरी बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. त्याचा उपयोग मोकळ्या शेतात थोडाफार होतो. वस्तीत धुराने माणसांनाच त्रास होतो, म्हणून घरी पांघरूणच बरे.

थंडीचा फटका बसल्यावर

पाने तपकिरी झाली म्हणून लगेच कापू नयेत. जळलेले पानही आतल्या गाभ्याला आडोसा देते. माघ संपेपर्यंत थांबावे. मग मधले नवे पान हलक्या हाताने ओढून पाहावे. घट्ट असेल तर झाड सुरक्षित. सुटून हातात आले आणि टोक कुजल्याचा वास आला, तर गाभ्यात बुरशी शिरली आहे. अशा वेळी कुजलेला भाग स्वच्छ करावा, गाभ्यात साचलेले पाणी कापसाने टिपावे आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडचे द्रावण, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात, शेंड्यात ओतावे. दहा दिवसांनी पुन्हा एकदा द्यावे. शेंडा कोरडा राहील असे पाहावे. ऊब वाढल्यावर चैत्र-वैशाखात नवे पान येऊ शकते. झाड उपटण्याची घाई करू नये, एक पूर्ण पावसाळा वाट पाहावी.

थंडीने अशक्त झालेल्या झाडाला भुंगे लवकर गाठतात. गेंड्या भुंगा शेंडा कुरतडतो. त्याने खाल्लेले पान उलगडल्यावर कात्रीने कापल्यासारखे दिसते. तो शेणाच्या उकिरड्यात वाढतो, म्हणून खताचा खड्डा पामपासून दूर आणि खत पूर्ण कुजलेले हवे. सोंड्या भुंगा खोडाला पडलेल्या जखमेच्या वासाने येतो आणि आतून पोखरतो. पावसाळ्यात ताजी कापणी करू नये, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

थंड देशांत राहणाऱ्या मुलांसाठी

इंग्लंड, जर्मनी किंवा कॅनडात घर घेतलेली मुले ‘इथे बागेत पाम जगेल का’ असे विचारतात. उत्तर काही ठिकाणी होय असे आहे, पण नारळ नव्हे.

पहिली निवड चुसान पाम. सिबोल्ड यांनी तो १८३० मध्ये जपानमधून युरोपात पाठवला आणि रॉबर्ट फॉर्च्युन यांनी १८४९ मध्ये चीनमधून इंग्लंडला पाठवला. आज ब्रिटनच्या बागांत तो सर्वत्र दिसतो, आणि कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या समुद्रकिनाऱ्यावरही लावलेला आहे. स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात तो जंगलात इतका पसरला की १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याच्या विक्रीवर बंदी आली. म्हणून लावण्यापूर्वी तिथला नियम पाहावा. इंग्लंडच्या टॉर्की शहरात ‘पाम’ म्हणून ओळखले जाणारे झाड मात्र न्यूझीलंडचे कॉर्डिलाइन आहे, पाम नव्हे.

या चुसान पामचे भाऊबंद भारतातही आहेत. कुमाऊँमध्ये पिठोरागढजवळच्या डोंगरात सुमारे दोन हजार मीटरवर, बर्फ पडते तिथे, ट्रॅकिकार्पस टाकिल वाढतो. बेक्कारी या इटालियन शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये त्याचे वर्णन केले. दार्जिलिंग-कालिम्पाँग भागात ट्रॅकिकार्पस लॅटिसेक्टस आणि खासी टेकड्यांत ट्रॅकिकार्पस मार्टियानस आढळतो. भारतीय वंशाचा पाम बागेत हवा असेल तर नारळाऐवजी यांचा शोध घ्यावा.

त्याहून कडक थंडीत अमेरिकेच्या आग्नेय भागातले दोन बुटके पाम उपयोगी पडतात. सबाल मायनर उणे १५ अंशांच्या आसपास टिकतो. सुई पाम, म्हणजे रॅपिडोफिलम हिस्ट्रिक्स, पामांमध्ये सर्वांत काटक मानला जातो आणि उणे २० अंशांपर्यंतही निभावतो. दोन्ही एक-दीड मीटरचे, सावकाश वाढणारे. त्यांना चांगल्या वाढीसाठी उन्हाळ्यात ऊब मात्र लागते. ब्रिटनच्या गार उन्हाळ्यात ते जगतात, पण अगदी हळू वाढतात.

तिथली निगा आपल्याहून वेगळी आहे. माळव्यात हिवाळा कोरडा असतो, तिथे तो ओला. थंडीपेक्षा शेंड्यात साचलेले गार पाणी झाडाला अधिक मारते. लागवड एप्रिल-मेमध्ये, दक्षिणेकडच्या भिंतीजवळ, निचऱ्याच्या जागी करावी. अगदी लहान रोप न लावता थोडे खोड धरलेले घ्यावे. कडाक्याच्या आठवड्यात पाने वर बांधून बागेसाठी मिळणारे सच्छिद्र कापड गुंडाळावे, शेंड्यावर पाऊस अडेल असा आडोसा करावा आणि थंडी ओसरताच सारे काढून टाकावे.

वर्षाचे वेळापत्रक

चैत्र-वैशाख : वाळलेली पाने काढणे, बुंध्याशी आच्छादन, संध्याकाळी पाणी, कोवळ्या रोपांना नैऋत्येची सावली.

ज्येष्ठ-आषाढ : शिंदीची फळे गोळा करून बी पेरणे, खड्डे भरणे, लागवड, पहिले खत.

श्रावण-भाद्रपद : पाणी साचत नाही ना ते पाहणे, तण काढणे, गेंड्या भुंग्यावर लक्ष. कापणी नाही.

आश्विन-कार्तिक : पोटॅशचा हलका हप्ता, नत्र बंद. लक्ष्मीपूजनाची केरसुणी शिंदीची मिळाली तर घेऊन विणणाऱ्यांना हातभार लावावा.

मार्गशीर्ष-पौष : अरेका आणि पार्लर पाम ओसरीत, पांघरुणे हाताशी, निरभ्र रात्री झाकणे, सकाळी उघडणे.

माघ-फाल्गुन : नुकसानीची पाहणी, गाभ्याची तपासणी, दुसरे खत, कुंडी बदलणे.

मांडूच्या वाटेवर दिसणारी गोरखचिंच, जिला इथे खुरासानी इमली म्हणतात, आफ्रिकेतून आलेली आहे. शतकानुशतके या मातीत रुजून ती आता मांडूचीच ओळख झाली आहे. आपल्या अंगणातही हवा आणि माती जोखून लावलेले झाड असेच रुजते. या वर्षी आषाढात ज्यांना एकच पाम लावायचा आहे त्यांनी सावलीच्या जागी रॅपिस, उन्हाच्या जागी चामेरॉप्स आणि मोठी जागा असेल तर शिंदी लावावी.